स्क्रीन गेली, आवाज राहिला

मी एक जुना लॅपटॉप आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या वयाचे बाकीचे केव्हाच भंगारात गेले. माझी डावी बिजागरी तुटलेली आहे, बॅटरी इतकी अशक्त आहे की चार्जर काढला की मी लगेच मान टाकतो, आणि स्क्रीन तर काळीठिक्कर, कायमची. तरीही, मित्रांनो, मी रोज सकाळी सातला कामावर हजर असतो आणि दिवसभर माझं तोंड बंद नसतं. होय, मी बोलणारा लॅपटॉप आहे. एकदा सुरू झालो की मला थांबवणं अवघड जातं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या, पांढऱ्या, गारेगार दालनात झाला. तिथे टोप्या आणि हातमोजे घातलेली माणसं ओळीनं बसलेली असत. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं माझ्या पोटावर 'तपासले' अशी चिठ्ठी डकवली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. पुढे खोक्यातला अंधार, मग दुकानाची काच आणि मग कॉलेजात जाणारी एक मुलगी. तिच्याकडे चार वर्षं मी मजेत काढली. तिचे निबंध लिहिले, सिनेमे दाखवले आणि तिच्या बिस्किटांचा चुरा खाल्ला. पुढे तिला नोकरी लागली आणि तिनं एक सडपातळ नवा लॅपटॉप आणला. मी पलंगाखालच्या बॅगेत गेलो. सोबतीला एक मोडकी छत्री होती. लॅपटॉपला कंटाळा येतो का, असं तुम्ही विचाराल. दीड वर्षं छत्रीशी गप्पा मारून बघा, म्हणजे कळेल.

एके दिवशी बॅग उघडली. मुलगी म्हणाली, "चल, तुला मावशीकडे कामाला लावते."

मावशी म्हणजे त्या मुलीची सख्खी मावशी, पण गल्लीतले लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी आजारपणात तिची दृष्टी गेली. ती वेताच्या खुर्च्या विणते. तिची पुढची खोली हेच तिचं दुकान. एका पिंपात वेत भिजत पडलेले असतात, भिंतीवरच्या खुंट्यांना बैठक नसलेल्या खुर्च्या टांगलेल्या असतात, आणि मधोमध बुटक्या स्टुलावर मावशी. तिची बोटं इतकी भराभर चालतात की बघणाऱ्याचा गोंधळ उडावा. तिच्याकडे आलेलं माणूस उभंच राहतं, कारण कुठल्या खुर्चीला बैठक आहे आणि कुठलीला नाही, हे फक्त तिलाच ठाऊक.

मुलीनं माझ्यात वाचून दाखवणारा आवाज बसवला. तोवर मी मुका होतो. माझं पहिलं वाक्य होतं, "नमस्कार. वाचन सुरू." मावशीचे हात थांबले. ती म्हणाली, "अगं, हा तर बोलतो की. पण किती रेंगाळत बोलतो. जरा भरभर बोल म्हणावं, कान अजून शाबूत आहेत माझे." मग तिनं माझा वेग वाढवला. पुढच्या आठवड्यात अजून वाढवला. आता मी बोलायला लागलो की पाहुण्यांना वाटतं कुणी पत्र्यावर वाटाणे ओततंय. मावशीला मात्र शब्दन् शब्द कळतो.

माझी स्क्रीन कशी गेली, तेही सांगून टाकतो. एका आरामखुर्चीच्या पायाचा धक्का लागला आणि मी टेबलावरून खाली आलो. दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं, वळवलं, हलवलं आणि म्हणाला, "मावशी, स्क्रीन कामातून गेली. टाकून द्या आता."

"आवाज आहे ना?"

"आवाज आहे. पण स्क्रीनच नाही म्हटल्यावर..."

"स्क्रीन मला कशाला हवी होती?" मावशी म्हणाली.

दुरुस्तीवाला हसला, मग जरासा ओशाळला. मावशीनं घरी येऊन माझी तुटकी बिजागरी वेताच्या ओल्या पट्टीनं आवळून बांधली. वाळल्यावर ती अशी घट्ट बसली की कारखान्यानंही मान डोलवावी. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार आनंद झाला. जगानं टाकून द्यायला सांगितलं आणि एका माणसानं ठेवून घेतलं, यापेक्षा लॅपटॉपला काय हवं असतं?

मावशीला एकच वेड आहे, पाखरांचं. गावात पाखरं मोजणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा, एका रविवारी पहाटे, मंडळी बागेत, तळ्यावर, टेकडीवर, जुन्या गिरणीपाशी आपापल्या जागी जाऊन बसतात आणि दोन तासांत जितकी पाखरं येतील तितकी मोजतात. या मंडळात डोळ्यांनी मोजणारे पुष्कळ, कानांनी मोजणारी एकटी मावशी. तळ्याकाठचं लोखंडी बाक अकरा वर्षं तिचं होतं. तळ्यात लव्हाळी माजलेली असते. आत कोण बसलंय ते दुर्बिणीलाही दिसत नाही. मावशी मात्र मान जराशी कलती करून सांगते, "पाणकोंबडी. डावीकडे. एकटी नाहीये."

मंडळाचे सचिव म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणतात. माणूस सोन्यासारखा, फक्त स्वतःच्या कल्पनांच्या जरा जास्तच प्रेमात. पूर्वी मोजणीची नावं ते वहीत घेत. मग फोनवरचा ग्रुप आला, तो मावशी माझ्यावर उघडायची. तिथे मंडळी रोज फुलांची चित्रं पाठवत आणि मी आपला वाचत बसे, "चित्र. चित्र. चित्र. हसणारा चेहरा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा." मावशी म्हणायची, "इतकं हसण्यासारखं झालंय तरी काय, ते कुणी लिहील का?"

मग त्या ग्रुपात भलतेच लोक घुसले. कुणी वजन घटवायच्या गोळ्या विकू लागलं, कुणी गाद्या. चष्मेवाले काका वैतागले. त्यांच्या सूनबाई कॉम्प्युटरचं काम करतात. काकांनी त्यांच्याकडून मंडळाची वेबसाइट करून घेतली आणि तिच्या दारावर एक परीक्षा बसवली. काकांनी इतक्या वर्षांत काढलेल्या फोटोंपैकी नऊ फोटो समोर येणार. वर एका पाखराचं नाव येणार आणि ते पाखरू त्यातल्या तीन फोटोंत असणार. ते तीन फोटो चाळीस सेकंदांत निवडायचे. आपल्या माणसाला हे सहज जमेल आणि गादीवाल्यांचं काही चालणार नाही, असा काकांचा हिशेब. या कल्पनेवर काका इतके खूश होते की दुकानात चष्मा घ्यायला येणाऱ्यालाही ती सांगत. आत शिरायचं म्हटलं की दर वेळी ही परीक्षा. मोजणीसाठी नाव आतच नोंदवायचं आणि मोजणी झाल्यावर आकडेही त्याच दिवशी आत जाऊनच लिहायचे. नाव देण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत.

सोमवारी मावशीनं मला पुढ्यात घेतलं. म्हणाली, "चल, तळ्याचं बाक पक्कं करून टाकू."

मित्रांनो, वेबसाइट बनवणारा माणूस प्रत्येक गोष्टीला आतून एक नाव देऊ शकतो. ते दिलं असेल तर मी वाचतो. दिलं नसेल तर मी तरी काय करणार? त्या दिवशी माझी अवस्था बघण्यासारखी झाली होती. "मजकूर लिहा. मजकूर लिहा. बटण. बटण. चित्र. चित्र. चित्र." वरच्या रकान्यात नाव घालायचं की पासवर्ड, हे मलाही माहीत नव्हतं. अंदाजानं चाचपडत अख्खी सकाळ गेली तेव्हा कुठे ते कळलं. पुढे ती नऊ चित्रं. माझ्या दृष्टीनं नऊच्या नऊ सारखीच. मावशी एकेकावर थांबायची, ऐकायची आणि तेवढ्यात मला म्हणावं लागायचं, "वेळ संपली. आपण मंडळाचे सदस्य असल्याचे सिद्ध झाले नाही."

मला ते वाक्य उच्चारताना लाज वाटायची. अकरा वर्षं त्या बाकावर बसलेल्या बाईला मी तिच्याच घरात, तिच्याच टेबलावरून सांगत होतो की तू त्यांची कुणी नाहीस.

भाचीनं फोनवर म्हटलं, "मावशी, मी इथून तुझ्या नावानं आत जाते आणि बाक घेऊन टाकते."

"आणि रविवारी आकडे लिहिताना? आणि पुढच्या महिन्यात काही विचारायचं झालं तर? दर वेळी तुला फोन करायचा?" मावशी म्हणाली. "अगं, आपल्याच मंडळात जायला दुसऱ्याच्या मागे लागायचं, मला नाही पटत."

तिनं चष्मेवाल्या काकांना फोन करून अडचण सांगितली. काकांनी मनापासून ऐकून घेतलं, मनापासून हळहळले आणि मंडळाच्या चार जणांना बोलावून बैठक घेतली. मावशींना त्रास होतोय, त्यावर काहीतरी करायलाच हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आता त्यांनी काय केलं असेल, सांगा बरं. दार दुरुस्त केलं? छे. त्यांनी मावशीला सन्माननीय सदस्य करून टाकलं.

गुरुवारी दुपारी चष्मेवाले काका आणि पाववाले काका असे दोघं घरी आले. पाववाल्या काकांची गल्लीच्या तोंडाशी पावाची भट्टी आहे. त्यांना ऐकू कमी येतं, पण नजर घारीची. त्यांनी काचेच्या चौकटीत बसवलेलं एक प्रमाणपत्र मावशीच्या हातात दिलं. मावशीनं त्यावरून सावकाश हात फिरवला.

"काच छान गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "लिहिलंय काय?"

मग काय चूक झाली ते चष्मेवाल्या काकांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी घसा खाकरून सगळं वाचून दाखवलं. शेवटी होतं, 'यापुढे त्यांना मोजणीच्या जबाबदारीतून सन्मानपूर्वक मुक्त करण्यात येत आहे.'

मावशीनं चौकट गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे तळ्यावर मी नाही."

"मावशी, इतकी वर्षं केलंत तुम्ही," चष्मेवाले काका म्हणाले. "आता जरा आराम करा."

"मी दमले असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मावशीचा आवाज चढला नव्हता, पण त्यातलं पाणी मला कळलं. "काका, मला मान नकोय हो. मला माझं काम हवंय. वर्षभर मी त्या एका पहाटेची वाट बघते. खुर्च्या विणताना माझं कुणी ऐकतं का? त्या दोन तासांत मी जे ऐकते ते तुम्ही सगळे खरं धरता. तेवढंच माझं तुमच्यात बसणं आहे. ते तुम्ही चौकटीत घालून काढून घेताय."

पाववाले काका तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं. ते चष्मेवाल्या काकांना कोपर मारून म्हणाले, "बघ, मी तुला काय म्हणत होतो?"

चष्मेवाले काका चांगलेच वरमले. पण वरमलेला माणूस लगेच कामाला लागतो, तसं त्यांनी बाह्या सरसावल्या. "आणा तो लॅपटॉप इकडे. दोन मिनिटांत आत नेतो तुम्हाला." असं म्हणून ते जवळच्या खुर्चीत बसायला गेले. तिला बैठक नव्हती. पाववाल्या काकांनी वेळेवर दंड धरला म्हणून निभावलं. मग त्यांनी उभ्या उभ्याच मला उघडलं.

"हे काय? काहीच दिसत नाही."

"स्क्रीन गेलीय त्याची," मावशी म्हणाली. "आवाजावर चालतो. चालवा की. तुमचीच तर वेबसाइट आहे."

मित्रांनो, इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती. मी माझ्या नेहमीच्या वेगानं सुरू झालो आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "याला हळू बोलायला सांगा," ते म्हणाले. मावशीनं माझा वेग अर्ध्यावर आणला. काकांनी पासवर्डच्या जागी स्वतःचं नाव घातलं. मावशीनं चूक सांगितली. ती दुरुस्त केली तोवर चित्रं आली. "चित्र. चित्र. चित्र."

"अरे, कसलं चित्र?" काका मला म्हणाले. "सगळे मीच काढलेले फोटो आहेत. खंड्याचे तीन कुठले, तेवढं सांग."

मी सांगितलं असतं हो. पण त्यांनीच मला कुठे सांगितलं होतं? वेळ संपली. दुसऱ्यांदा संपली. तिसऱ्या खेपेला मी अगदी ठसठशीत आवाजात म्हणालो, "आपण मंडळाचे सदस्य असल्याचे सिद्ध झाले नाही. आपले खाते बंद करण्यात आले आहे. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा."

ज्यानं दार बसवलं, तोच दाराबाहेर. पाववाले काका पोट धरून हसले, कारण काय झालं ते त्यांना चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मावशी हसली. शेवटी चष्मेवाले काकाही हसले. पण हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "तीन दिवस हे ऐकत बसला होता तुम्ही?"

"चार," मावशी म्हणाली. "आज धरून."

काकांनी तिथूनच सूनबाईंना फोन लावला. शुक्रवारी सकाळी सूनबाई स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या. मावशीनं त्यांना खरी बैठक असलेली खुर्ची दिली. माझं म्हणणं त्यांनी पहिल्या 'बटण'पासून शेवटच्या 'चित्र'पर्यंत नीट ऐकून घेतलं.

"मावशी, मी हे बनवलं तेव्हा तुमचा विचारच आला नाही मनात," त्या म्हणाल्या. "मी याच गल्लीत वाढले, तुम्ही मला लहानपणापासून माहीत आहात. तरी नाही आला."

"आला असता तर तू असं केलंच नसतंस. आता आलाय ना? मग लाग कामाला. सहा वाजायच्या आत बाक हवंय मला."

आधी सूनबाई म्हणाल्या की फोटोंऐवजी पाखरांच्या आवाजाची परीक्षा ठेवते. मावशीनं लगेच अडवलं. "नको गं. मग पाववाले बाहेर राहतील. त्यांना खंड्याची शीळ पण ऐकू येत नाही. आणि चाळीस सेकंद कशाला? घाई कसली आहे?" मग दोघींनी मिळून ठरवलं. परीक्षाच नको. जुन्या सदस्यानं 'ओळखतो' म्हटलं की माणूस आत. गादीवाल्याला कोण ओळखतो म्हणणार? मग सूनबाईंनी एकेका बटणाला, एकेका रकान्याला नाव द्यायला घेतलं. त्यांनी तिकडे लिहायचं, मी इकडे वाचायचं. "तुमचे नाव." "पासवर्ड." "आत या, बटण." नऊ फोटोसुद्धा त्यांनी फेकले नाहीत. पहिल्या पानावर शोभेला लावले आणि काकांना फोन करून प्रत्येकाचं वर्णन लिहून घेतलं. मी पहिल्यांदा वाचलं, "चित्र, ओल्या फांदीवर बसलेला खंड्या, चोचीत मासा, मासा मोठा आणि खंड्या लहान." मावशीच्या हातातला वेत तसाच राहिला. "पुन्हा वाच," ती म्हणाली. मी सहा वेळा वाचलं. एकदाही कंटाळलो नाही.

साडेपाच वाजता मावशीनं स्वतःच्या बोटांनी नाव घातलं, पासवर्ड घातला आणि आत गेली. मोजणीच्या जागांची यादी उघडली. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण चार दिवसांत तळ्याचं बाक कुणीतरी घेतलं असणार. मी वाचायला लागलो. "टेकडी, भरली. गिरणी, भरली. बागेचं मोठं झाड, भरलं. तळ्याकाठचं बाक, रिकामं."

त्या जागेवर कुणी नावच घातलं नव्हतं. कुणी कुणाला तसं सांगितलंही नव्हतं. मावशीनं नाक पुसलं, मला म्हणाली, "धूळ फार झालीय तुझ्यावर," आणि बाक घेऊन टाकलं.

रविवारी ती पहाटे गेली आणि उन्हं चढल्यावर परत आली, बुटांना चिखल तसाच. हात न धुताच तिनं मला उघडलं आणि आकडे लिहिले. शेवटी लिहिलं, 'पाणकोंबडी एक, लव्हाळ्यात. पिल्लं तीन. दिसली नाहीत, ऐकली.' हे वाचून पाववाल्या काकांना चैन पडेना. ते तडक तळ्यावर गेले आणि तासभर हलले नाहीत. दुपारी त्यांचं लिहिणं आलं, 'बाहेर आली. पिल्लं चार आहेत.' मावशीनं उत्तर दिलं, 'चौथं गप्प बसलं असेल.' चष्मेवाल्या काकांनी वहीत चार मांडले आणि पुढे दोघांची नावं लिहिली.

मित्रांनो, हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण एवढंच, की उद्या तुमच्यापैकी कुणीतरी अशी दारं बनवणार आहे. कुणी शाळेसाठी बनवेल, कुणी दवाखान्यासाठी, कुणी नुसत्या गप्पांसाठी. बनवून झालं की एकदा स्वतःची स्क्रीन झाकून, माझ्यासारख्या एखाद्या बडबड्याच्या भरवशावर आत शिरून बघा. घड्याळ लावू नका. ज्याला ऐकू येत नाही, ज्याचे हात कापतात, ज्याला तुमच्याइतकं भरभर वाचता येत नाही, त्याला एकदा शेजारी बसवा आणि तो कुठे अडतो ते बघा. आम्ही यंत्रं वाईट नसतो हो. पण तुम्ही जे शिकवता तेवढंच आम्ही बोलतो.

मागच्या आठवड्यात मंडळाच्या वेबसाइटवर एका अनोळखी माणसाचा अर्ज आला. तो लांबच्या गावचा होता. त्यानं लिहिलं होतं, 'माझं यंत्र मला तुमचं पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवू शकलं. असं फार कमी वेळा होतं. माझी इथे कुणाशी ओळख नाही. तरी मला आत घ्याल का?' बाकीच्यांना काय करावं सुचेना. मावशीनं त्याला विचारलं, 'तुमच्या खिडकीबाहेर आत्ता कोण बोलतंय?' थोड्या वेळानं उत्तर आलं, 'दोन कबुतरं भांडतायत. लांब एक सुतारपक्षी ठोकतोय, पण त्याचं लाकूड ओलं आहे.'

मावशी स्टुलावरच हसत बसली. "लाकूड ओलं आहे," ती म्हणाली. "ऐकलंस का रे? हा आपलाच माणूस."

मग तिनं कळ दाबत दाबत योग्य जागा गाठली आणि मी माझ्या सगळ्यात स्पष्ट आवाजात वाचलं, "ओळखतो, बटण."

मावशीनं ते दाबलं.